हीट शील्ड सैल झाली असेल तर: पत्रा काढू नका, नीट बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळी थंड गाडी सुरू केली की आणि पुढे २००० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला २००० फेऱ्यांच्या) आसपास खालून पातळ पत्रा थरथरल्यासारखा झणझण आवाज येतो, रेस वाढवली की तो जातो. गॅरेजमध्ये सांगितलं, ‘हीट शील्ड सैल झालीय, काढून टाकू, काही बिघडत नाही.’ काढू का, की घरी दुरुस्त होईल?

काढू नका. बहुतेक वेळा हे काम घरी होतं आणि त्याला फार सामानही लागत नाही.

आधी हीट शील्ड, म्हणजे सायलेन्सरच्या गरम पाइपाची उष्णता अडवणारा पत्रा, तिथे का आहे ते सांगतो, कारण दुरुस्ती कशी करायची हे त्यावरच ठरतं. चालत्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे त्या पाइपावरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या, आतलं तापमान साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर, काही बोटांवर, गाडीचा तळ असतो. तळाच्या वर गालिचा, शेजारून ब्रेकचे पाइप, इंधनाचे पाइप, हँडब्रेकची केबल, वायरिंग, आणि मागे बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकची इंधन टाकी. शील्डचा चकचकीत पृष्ठभाग उष्णता परत फेकतो, पण खरं काम करते ती पत्रा आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यामधली हवेची फट. पत्रा दाबून पाइपला चिकटवला तर आवाज बंद होईल, पण उष्णता सरळ पत्र्यात उतरेल. म्हणून आवाज गेला एवढ्यावर काम झालं असं समजू नका, फट शिल्लक आहे का तेही बघा. कन्व्हर्टरच्या खालच्या बाजूला पत्रा असेल तर तो आणखी महत्त्वाचा. वाळलेल्या गवतावर उभ्या केलेल्या गाडीखाली आग लागते ती याच तापलेल्या भागामुळे.

सैल होण्याचं कारण बहुधा गंज. पत्रा अनेकदा अ‍ॅल्युमिनिअमचा असतो आणि बोल्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू, त्यात चिखलपाणी, की बोल्टभोवतीचा पत्रा आधी खाल्ला जातो. भोक मोठं होतं आणि बोल्ट घट्ट असूनही पत्रा त्याच्या डोक्यावरून निसटतो. चार सिलिंडरचं इंजिन २००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ ठोके देतं. सुटलेल्या पत्र्याची लय त्याच्याशी जुळली की तो झणझणतो, रेस वाढली की लय मोडते. तापल्यावर धातू फुगून पत्रा पुन्हा अडकून बसतो, म्हणून त्रास सकाळी जास्त.

आता तपासणी. गाडी पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे निदान काही तास. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आणि गाडी जॅकस्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या पक्क्या तिवईवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणूनसुद्धा नाही. डोळ्यांना चष्मा लावा, गंजाच्या खपल्या सरळ डोळ्यात पडतात. जाड हातमोजे हवेत, या पत्र्याची कड ब्लेडसारखी कापते.

पुढून मागे प्रत्येक पत्र्यावर मुठीने किंवा रबरी हातोडीने हलकेच ठोका. सैल पत्रा लगेच बोलतो. पण घाईने निष्कर्ष काढू नका. कन्व्हर्टरवर ठोकल्यावर आत खडे हलल्यासारखा आवाज आला तर आतली सिरॅमिकची जाळी फुटली आहे, तिथे क्लॅम्पचा उपयोग नाही. सायलेन्सर टांगायची रबरं फाटली असतील तर पाइपच तळाला आपटतो. थंड इंजिनला टिकटिक आणि जोडाजवळ काळी काजळी दिसली तर धूर गळतोय. मॅनिफोल्डवरचा (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पहिल्या पाइपांच्या जोडावरचा) पत्रा बॉनेट उघडून वरूनच तपासता येतो, आणि आवाज खालून येतोय असं वाटत असताना दोषी तोच निघतो, हेही अनेकदा घडतं.

भोक मोठं झालंय पण बोल्ट शाबूत आहे, हा सगळ्यात सोपा प्रकार. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटरचे असतात, त्यांना १० चा पाना लागतो, आणि जोर लावला की मुंडी तुटते. म्हणून थोडं सोडा, परत आवळा, पुन्हा सोडा. बोल्ट निघाला की रुंद स्टीलचा वायसर घालून तोच किंवा नवा बोल्ट बसवा. वायसर इतका रुंद हवा की कुजलेल्या भागापलीकडच्या चांगल्या पत्र्यावर टेकेल. आट्यांना उष्णता सोसणारं अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण, लावा. पत्रा पातळ आहे, तेव्हा हाताने घट्ट झाल्यावर थोडंसंच कसा.

बोल्ट तुटला असेल आणि पत्रा पाइपाभोवती गुंडाळलेला असेल तर स्टेनलेस स्टीलचा होज क्लॅम्प, म्हणजे आपली जुबली क्लिप, हा उत्तम उपाय. घेर मोठा असेल तर दोन क्लिपा एकमेकींत अडकवून लांबी वाढवता येते. स्क्रूचं डोकं बाजूला ठेवा, खाली नको, नाहीतर रस्त्यावरच्या उंचवट्याला घासेल. ऑक्सिजन सेन्सरची (पाइपात बसवलेल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाची) वायर पट्ट्याखाली येऊ देऊ नका. पत्रा हलायचा थांबला की थांबा, तो चेपू लागला तर जास्त आवळलंत. उरलेलं टोक कापा किंवा आत वळवा.

तळाला लावलेल्या पत्र्याचा खिळा तुटला असेल तर मात्र स्वतः ड्रिल घेऊन बसू नका. पलीकडे इंधनाचा पाइप आहे की वायर, हे खालून दिसत नाही. टाकीजवळ वेल्डिंग तर नकोच. ते काम माहीतगार माणसाकडे द्या, पण ‘काढू नका, बसवून द्या’ हे स्पष्ट सांगा.

प्लास्टिकचे टाय, चिकटपट्टी, साधं एपॉक्सी यांतलं काही इथे टिकत नाही, उलट जळून वास मारतं. जस्ताचा मुलामा असलेली तार कन्व्हर्टरजवळ वापरू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि फार तापलं की त्याची वाफ बाधते. प्रवासात पत्रा लोंबायला लागला तर गाडी गार झाल्यावर स्टेनलेस तारेने बांधून घरापर्यंत या, एवढं चालतं. पत्र्याची चाळण झाली असेल तर ठिगळं लावत बसू नका, नवा घ्या.

काम झालं की पाइप आणि पत्रा यांमधून सगळीकडे उजेड दिसतोय का बघा. पाइपाभोवती गुंडाळलेल्या पत्र्याच्या कडा पाइपला टेकलेल्याच असतात, तिथे मधला भाग पोकळ राहिला की पुरे. मग उघड्या जागेत इंजिन सुरू करून हळूहळू ३००० पर्यंत रेस करा. बंद गॅरेजमध्ये नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरुवातीला सांडलेल्या तेलाचा थोडा धूर येईल, तो काही मिनिटांत थांबायला हवा. आठवडाभर गाडी चालवल्यावर, पुन्हा गार असताना, क्लिप एकदा तपासा. तापण्या-गार होण्यात ती थोडी ढिली पडते आणि अर्धा फेरा आवळावी लागते.