कोल्हापुरात राहून सोशल मीडिया या विषयावर प्रयोगशील व्हिडिओ-कलाप्रकल्प कसा उभा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कलेचं शिक्षण झालंय, राहता कोल्हापुरात, आणि सोशल मीडिया या विषयावर असं काही करायचंय की बघणारा पडद्यासमोर खुर्चीत बसणार नाही, त्या व्हिडिओच्या आतच उभा राहील. पैसे बेताचे. मग हे इथे होईल, की मुंबई-पुणे गाठायचं?

इथेच करा. मी मंडळांच्या देखाव्यांना आणि नाटकांना प्रोजेक्शन-लाइटचं काम करतो, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे हे धरून चाला. पण नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा तयार करून 1918 च्या सुमारास चित्रपट काढायला सुरुवात केली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो उगाच नाही. आणि राजारामपुरीतल्या गणपतीच्या तांत्रिक, म्हणजे यंत्रांवर चालणाऱ्या, देखाव्याच्या रांगेत जो उभा राहिलाय, त्याला अंधाऱ्या मांडवात चारही बाजूंनी आवाज आणि उजेड अंगावर घ्यायची सवय असतेच. प्रेक्षक तयार आहे. अडचण विषयाची आहे.

‘सोशल मीडिया’ हा विषयच नाही, फार मोठा आहे. त्यावर काम करायचं म्हटलं की भिंतीभर लाइकचे बदाम उडतात, निळ्या उजेडातले उदास चेहरे येतात, मागे एक लांबलचक सूर वाजतो. आत आलेल्या माणसाला दहा सेकंदांत कळतं की मोबाईल वाईट. मग तो तिथेच एक रील काढतो आणि बाहेर जाऊन मिसळ खातो. त्याऐवजी तुमच्या स्वतःच्या फोनवर येणारा निरोपांचा एकच प्रवाह पकडा, जो फक्त इथल्या माणसालाच येतो.

माझ्या डोक्यात पहिला येतो तो पावसाळ्यातला. जुलै लागला की घरच्या, सोसायटीच्या, दहावीच्या बॅचच्या प्रत्येक ग्रुपवर पंचगंगेच्या पाण्याचा एकच मेसेज फिरतो: राजाराम बंधारा, पाणीपातळी इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली. 39 फुटांला इशारा, 43 ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा याच ग्रुपांवरून माणसं शोधली गेली, होड्या पोचल्या, दूध पोचलं. आणि त्याच ग्रुपांवर धरणाबद्दलच्या अफवा फिरल्या, दुसऱ्याच गावाचे आणि जुन्या पुराचे व्हिडिओ फिरले. खरा आकडा, सकाळचा शिळा आकडा आणि थाप, तिन्ही एकाच रंगाच्या चौकोनात येतात. पाठवणारी आत्याच असते. तिन्हींखाली हात जोडल्याचं तेच चिन्ह.

आता खोली बघा. तीन भिंती. भिंतीवर पाण्याची रेघ, घोट्याएवढी. आत आलेल्याच्या हातात फोन, त्यावर एक मेसेज आणि ‘पुढे पाठवा’ एवढंच बटण. दाबलं की रेघ इंचभर वर. म्हणजे पाणी पावसानं चढत नाही, फॉरवर्डनं चढतं. मेसेज खरा असो वा खोटा, चढतं तेवढंच. कुणी बटण दाबलंच नाही तरी शेजारच्यानं दाबलेलं पाणी त्याच्याही छातीपर्यंत येतं. ज्यांच्या घरात भिंतीवर खरीच खूण आहे, ती माणसं आपली उंची त्या रेघेशी लावून बघतील, हे मी लिहून देतो. एवढं झालं की वेगळं भाष्य लागत नाही, निवेदकाचा आवाज तर अजिबात घालू नका. (कल्पना ढापलीत तरी माझी हरकत नाही, मला मंडळांतून वेळ मिळत नाही.)

म्हणूनच डोक्याला लावायचा व्हीआरचा हेडसेट इथे नको. त्यात माणूस एकटा पडतो, आणि इथला सगळा खेळ शेजारच्याच्या बोटाचा आहे.

फोनचं एक खरं दुखणं आधीच सांगतो. तुम्ही लॅपटॉप आणि राउटर लावून इंटरनेट नसलेलं स्वतःचं वाय-फाय चालवणार, लोकांनी क्यूआर स्कॅन करायचा, असं ठरवाल. पण वाय-फायला इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतात आणि तुमचं पान उघडतच नाही. त्यापेक्षा चार-पाच जुने अँड्रॉइड फोन गोळा करा, साखळीनं खांबाला अडकवा, चार्जर कायम लावलेला ठेवा. बटणाचा संकेत टचडिझाइनर या, संकेत आला की चित्र तिथल्या तिथे बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येतो. त्याची बिनव्यावसायिक आवृत्ती फुकट आहे, फक्त चित्र 1280 बाय 1280 पिक्सेलच्या पुढे जात नाही. पाणी आणि अक्षरं एवढ्याला ते पुरतं.

अक्षरांवरून आठवलं. देवनागरी व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास फुटते: वेलांटी भलतीकडे, जोडाक्षराचे दोन तुकडे. प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर टेक्स्ट इंजिनमध्ये साउथ एशियन निवडा. टचडिझाइनरमध्ये मजकूर थेट लिहू नका. तो साध्या वेबपानावर लिहा आणि ते पानच चित्र म्हणून आत घ्या, ब्राउझर अक्षरं नीट जोडतो. ‘पाणीपातळी’ची वेलांटी चुकली तर कोल्हापूरकर पुराऐवजी शुद्धलेखनावर बोलत बसेल.

प्रोजेक्टरचं गणित सोपं आहे. अंतर भागिले चित्राची रुंदी, हा त्याचा थ्रो रेशो. मंगल कार्यालयात मिळतो तो साधा प्रोजेक्टर दीडच्या आसपास असतो, म्हणजे 12 फूट रुंद चित्राला 18 फूट मागे जावं लागतं. तुमच्या खोलीत तेवढी जागा नसणार. अर्ध्या रेशोचा शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळूनच मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टर, छताला टांगला तर 6 फुटांत काम होतं आणि सावल्याही भिंतीला अगदी चिकटून उभ्या राहणाऱ्याच्याच पडतात. भिंती पांढऱ्याशुभ्र ठेवू नका. समोरासमोरच्या पांढऱ्या भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि काळं ते राखाडी दिसायला लागतं. फिक्या राखाडीचा, चकाकी नसलेला हात मारा.

तीन प्रोजेक्टर परवडत नसतील तर एकाच भिंतीवर करा आणि बाकीचं सावल्यांवर सोपवा. चित्रकार आणि व्हिडिओ-कलाकार नलिनी मलानी यांनी 2012 मध्ये जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात रंगवलेले पारदर्शक दंडगोल फिरवून त्यांच्या सावल्या व्हिडिओवर सोडल्या होत्या, आणि अख्खी खोली भरली होती. तशी फिरती चौकट उद्यमनगरात कुणीही बनवून देईल. देखाव्यांचीच कामं करणारे कारागीर आहेत ते, चित्र काढून दाखवलं की त्यांना कळतं.

जागेसाठी शाहू स्मारकाचं दालन आधी डोळ्यासमोर येतं, पण चित्रांच्या दालनात उजेड हा गुण आणि आपल्याला तोच नको असतो. चातुर्मासात रिकामं पडलेलं मंगल कार्यालय किंवा एखाद्या तालमीचा हॉल विचारा. विषय पावसाचा, हंगामही तोच. फक्त गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा गावात प्रोजेक्टर काय, साधी वायरसुद्धा भाड्यानं मिळत नाही. अनंत चतुर्दशीनंतर तेच सामान निम्म्यात मागून बघा.

पाण्याचा विषय नको असेल तर दुसरा अवघड आहे: जून 2023. काहींच्या सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून हिंदू-मुस्लिम तणाव झाला, शहर पेटलं, 7 तारखेला दगडफेक-लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद केलं गेलं. ते स्टेटस पुन्हा भिंतीवर लावाल तर तुम्हीही ते फॉरवर्डच केलंत. मी असतो तर फक्त बंद इंटरनेटचे तास घेतले असते: कोऱ्या भिंती आणि त्या दिवशी लोक एकमेकांना कसे शोधत होते त्याचे त्यांच्याच तोंडून घेतलेले आवाज. यासाठी दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून चहा प्यावा लागेल. घाईचं काम नाही.

दोन्हींत एक पथ्य मात्र पाळा. ग्रुपवरचे खरे मेसेज नाव, नंबर, डीपीसकट उचलायचे नाहीत. लोकांनी ते तुमच्या भिंतीसाठी पाठवले नव्हते, आणि 2023 पासून वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. मेसेज ऐका, त्यांचा सूर पकडा, आणि नव्यानं लिहून काढा. आवाज वापरलात तर लेखी परवानगी घ्या, आत्याची असली तरी.

खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दार कुठल्या भिंतीत आहे एवढं कळवा, प्रोजेक्टर कुठला आणि कुठे टांगायचा ते सांगतो.