पॅरेंट क्लासमधील प्रायव्हेट व्हेरिएबल चाइल्ड क्लासमधून कसे वाचावे?
जावामध्ये ‘खाते’ या पॅरेंट क्लासमधील ‘शिल्लक’ हे व्हेरिएबल प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासमध्ये वापरता येणारे) असल्यामुळे त्या क्लासवरून बनवलेल्या ‘बचतखाते’ या चाइल्ड क्लासमधून ते थेट वाचता येत नाही, ही तुमची अडचण आहे. गंमत म्हणजे चाइल्ड क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये त्या व्हेरिएबलसाठी जागा असतेच. फक्त ते नाव तिथे वापरण्यास कंपायलर मनाई करतो. ते प्रोटेक्टेड (चाइल्ड क्लासनाही वापरता येणारे) केल्यास एरर जाईल, परंतु मग ते त्याच पॅकेजमधील (क्लासच्या गटातील) इतर क्लासनाही खुले होते, म्हणून व्हेरिएबल प्रायव्हेटच ठेवून त्याचे मूल्य परत करणारी प्रोटेक्टेड मेथड लिहिणे मला अधिक योग्य वाटते. ती मेथड चाइल्ड क्लासमध्ये ओव्हरराइड करताना (त्याच नावाने नव्याने लिहिताना) मूळ मेथडला ‘सुपर’ लावूनच कॉल करावा, अन्यथा नवी मेथड स्वतःलाच कॉल करत राहते आणि प्रोग्राम स्टॅक ओव्हरफ्लोने (कॉलसाठी राखलेली मेमरी संपल्याने) बंद पडतो.