गोदाम भरलेलं, तरी हॉटेलांची तक्रार कायम: लीन पद्धतीची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात म्हापशाजवळ गोदाम आहे. कांदोळी, कळंगुट, हणजूण पट्ट्यातल्या हॉटेलांना किराणा, बटर-चीज-क्रीम आणि फ्रोझन माल पुरवता. साठा भरपूर, पैसा अडकलेला, तरीही ‘माल शॉर्ट आला’, ‘उशिरा आला’ ही तक्रार संपत नाही. लीन सप्लाय चेननं ग्राहक समाधानी होईल का, आणि हात कुठून घालायचा?

होईल. फक्त साठा कापण्यापासून सुरुवात करू नका. लीन म्हणजे कमी माल, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे आणि तिनं बऱ्याच जणांचं नुकसान केलं आहे. ऑर्डर आल्यापासून बरोबर माल हॉटेलच्या स्टोअरमध्ये उतरेपर्यंत जो वेळ जातो, त्यातला फुकट जाणारा भाग काढायचा, हे मूळ काम. तो निघाला की साठा मागाहून उतरतो. उलट्या क्रमानं गेलात तर माल कमी होईल आणि तक्रारी दुप्पट होतील.

आधी मोजा, पण ग्राहकाच्या बाजूनं. ‘आमच्याकडे ९५ टक्के आयटम कायम असतात’ हे ऐकायला छान वाटतं. हॉटेलची ऑर्डर मात्र एका आयटमची नसते. २० आयटमांची ऑर्डर असेल आणि प्रत्येक आयटम मिळण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर अख्खी ऑर्डर पूर्ण जाण्याची शक्यता साधारण ३६ टक्के उरते. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन वेळा शेफला काहीतरी शॉर्ट येणार. तीच उपलब्धता ९८ टक्क्यांवर नेलीत तर पूर्ण ऑर्डरी ६७ टक्क्यांच्या आसपास जातात. गोदाम भरलेलं दिसूनही ग्राहक का चिडतो, याचं उत्तर बरंचसं या हिशेबात आहे. म्हणून एकच आकडा धरा: शंभर ऑर्डरींपैकी किती ऑर्डरी पूर्ण, वेळेत आणि न परतता गेल्या.

त्यासाठी दोन आठवडे एक वही ठेवा. सॉफ्टवेअर नंतर. प्रत्येक फसलेल्या ऑर्डरीसमोर एकच कारण लिहायचं: माल नव्हता, माल होता पण सापडला नाही, चुकीचा माल भरला, गाडी उशिरा, एक्स्पायरी जवळ आली म्हणून परत, बिलातला दर जुळला नाही. कारण गोदामात लिहायचं, ऑफिसात बसून नव्हे, आणि त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी विचारलंत की सगळ्यांचं उत्तर ‘ट्रॅफिक’ असं येतं. ‘माल होता पण सापडला नाही’ आणि ‘दर जुळला नाही’ हे दोन रकाने भरताना दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. हे दोन्ही दोष एक रुपयाचाही जादा माल न घेता सुटतात.

सापडत नाही त्याचं मूळ बहुधा टॅलीतला (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला) साठा आणि रॅकवरचा साठा यांच्यातली तफावत. वर्षातून एकदा मार्चअखेर मोजणी करून ती जात नाही. रोज सकाळी १० ते १५ आयटम मोजा. जास्त खपाचे आयटम आठवड्याला एकदा, मधले महिन्याला, उरलेले तीन महिन्यांनी. तफावत आली की नुसता आकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका, ती का आली ते शोधा. फुटका माल चलनाशिवाय बाजूला ठेवला, परत आलेली पेटी नोंद न करता रॅकवर चढवली, एका आकाराच्या जागी दुसरा गेला, अशीच कारणं निघतील.

चुकीचा माल भरण्याबाबत बटरचं उदाहरण घ्या. मिठाचं आणि बिनमिठाचं, दोन्ही अर्ध्या किलोचे पुडे, एकाच कंपनीचे, पेट्याही जवळजवळ सारख्या. शेजारी शेजारी ठेवलेत तर सकाळी सहाच्या घाईत एकाच्या जागी दुसरं जाणारच. बेकरी विभागाला मिठाचं बटर मिळालं की त्या दिवशीचं डेझर्टचं काम अडतं आणि शेफ ती गोष्ट वर्षभर विसरत नाही. भरणाऱ्या पोराला ओरडून हे थांबत नाही. सारखे दिसणारे आयटम वेगवेगळ्या रॅकवर ठेवा, बिनमिठाच्या कप्प्याला रंगीत पट्टी मारा, आणि ज्यानं माल भरला त्यानं तो तपासायचा नाही, हा नियम करा.

आता साठ्याकडे. जास्त खपाच्या २०-२५ आयटमांपुरतं कार्ड लावा. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या धर्तीवर बसवली: जेवढं उचललं गेलं तेवढंच परत भरायचं. ठरावीक पेटीवर कार्ड ठेवायचं, ती पेटी उघडली की कार्ड ऑर्डरच्या हुकावर, संध्याकाळी हुकावरची कार्डं पाहून मागणी. कोणती पेटी, हे मात्र अंदाजानं ठरवू नका.

समजा एका बटरचा रोजचा खप २४ पुडे, रोजचा चढउतार म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ८ (एक्सेलमध्ये एका सूत्रात निघतं), आणि मागवल्यापासून माल यायला ३ दिवस. तीन दिवसांचा खप ७२. ९८ टक्के वेळा माल कमी पडू नये म्हणून वरचा आधार २.०५ × ८ × (३ चं वर्गमूळ), म्हणजे २९; २.०५ हा ९८ टक्क्यांसाठीचा ठरलेला गुणक. एकूण १०१ पुडे उरले की मागवायचं. पण पुरवठादाराची गाडी कधी २ दिवसांत, कधी ४ दिवसांत येत असेल, म्हणजे त्याच्या दिवसांचंच डेव्हिएशन १ असेल, तर आधार २९ वरून ५७ वर जातो आणि मागवण्याची पातळी १२९ होते. खप तोच, आधार दुप्पट. तुमच्या गोदामात पडून असलेला बराचसा माल ग्राहकासाठी ठेवलेलाच नाही, तो पुरवठादाराच्या बेभरवशासाठी ठेवलेला आहे. म्हणून मला विचाराल तर पुरवठादाराशी पहिली बोलणी दरावर करू नका, ठरलेल्या वारावर करा.

इथं एक चूक हमखास होते. वरचा १२९ चा आकडा रोज मागवता येत असेल तरच चालतो. गाडी आठवड्यातून दोनदाच येत असेल आणि दोन फेऱ्यांमध्ये जास्तीत जास्त ४ दिवस जात असतील, तर हिशेब ३ + ४ म्हणजे ७ दिवसांचा करावा लागतो: १६८ खप, ६६ आधार, एकूण २३४. दर फेरीला हातातला आणि वाटेतला माल धरून २३४ पर्यंत भरायचं. लोक रोजच्या पद्धतीचं सूत्र दोन फेऱ्यांच्या पुरवठ्याला लावतात आणि मग ‘कार्ड आमच्याकडे चाललं नाही’ म्हणतात.

महिनाअखेरीच्या स्कीमबद्दल स्पष्ट बोलतो. कंपनीचा सेल्समन टार्गेट भरायला ‘दहावर एक फ्री’ घेऊन येतो. साखर, मीठ, टिश्यू पेपर यांत ती परवडू शकते. क्रीम, पनीर, चीजमध्ये सहसा नाही. व्याज धरूनही कागदावर फायदा दिसतो, पण त्यात अडकलेल्या पैशामुळे पुढच्या आठवड्यात दुसरे पाच आयटम मागवायचे राहतात, आणि शॉर्ट नेमके तेच जातात. हॉटेलांची उधारी ४५-६० दिवसांची असते तिथं हा ताण जास्त बसतो. शिवाय स्कीमचा माल एका एक्स्पायरीचा, एकगठ्ठा येतो. माल बाहेर काढताना आधी आलेला नव्हे, आधी एक्स्पायर होणारा पुढे ठेवा, आणि कोणत्या हॉटेलला किमान किती दिवस शिल्लक असलेला माल चालतो ते विचारून भरणाऱ्याच्या टेबलावर चिकटवा.

वेळेचं म्हणाल तर रस्त्यापेक्षा आधी ऑर्डरची वेळ पाहा. तुम्ही संध्याकाळी सहाला ऑर्डर बंद करत असाल आणि किचनची यादी डिनर संपल्यावर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येत असेल, तर अर्ध्या ऑर्डरी जन्मतःच उशिरा असतात. ज्या हॉटेलांचं परचेस खातं नीट चालतं त्यांच्यासाठी सहा, छोट्या रेस्टॉरंटांसाठी रात्री साडेअकरा, आणि दुसऱ्या गटाला माल सकाळी अकरानंतर, असं सरळ सांगा. लोकांना उशिरापेक्षा अनिश्चितता जास्त छळते. गाडीची फेरी ठरलेली ठेवा: एक गाडी कांदोळी-कळंगुट-बागा, दुसरी हणजूण-वागातोर-शिवोली. शेवटच्या थांब्याचा माल आधी चढवा, नाहीतर प्रत्येक गेटवर अर्धी गाडी उपसावी लागते. फ्रोझन माल उणे १८ अंशांवर राहायला हवा, उघड्या दारानं केलेली उपसाउपस तिथं सगळ्यात महाग पडते. सगळ्यांची मोठी ऑर्डर शुक्रवारी पडत असेल तर कोरडा किराणा मंगळवार-बुधवारी घ्यायला दोन-तीन मोठ्या हॉटेलांना राजी करा. शुक्रवार आपोआप हलका होईल.

गोव्यात कार्डाची पातळी वर्षभर एकच ठेवून चालत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि मेअखेर ती नव्यानं काढा. नाताळ-नववर्षाचा खप सरासरीत मिसळू नका, गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याची बिलं काढून हिशेब करा. चवथीला (गणेशचतुर्थीला) ड्रायव्हर आणि हमाल गावी जाणार हे धरूनच चाला, त्या दिवसांचा माल आधीच पोचवा. पावसात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड आली, झाड पडलं की बेळगावकडची गाडी अडकते. त्या चार महिन्यांत तिकडून येणाऱ्या मोजक्या आयटमांचा जादा साठा ठरवून ठेवा आणि त्या कार्डांना वेगळा रंग द्या, म्हणजे सप्टेंबरअखेर ती काढून घ्यायची आठवण राहील. यात लीन मोडतं असं वाटत असेल तर टोयोटाकडेच पाहा: २०११च्या भूकंपानंतर त्यांनी चिप पुरवठादारांना २ ते ६ महिन्यांचा साठा ठेवायला लावला. धोका कुठं आहे ते ओळखून तेवढ्यापुरता साठा करणं वेगळं आणि भीतीपोटी सगळंच भरून ठेवणं वेगळं.

एवढं करूनही माल शॉर्ट जाईल. तेव्हा ते हॉटेलच्या गेटवर चलनावर लाल पेन मारताना कळता कामा नये. रात्री माल भरताना कमी दिसलं की त्याच वेळी मेसेज: कोणता आयटम, किती नग कमी, कधी येईल, बदली काय देऊ शकतो. शेफच्या होकाराशिवाय बदली माल भरायचा नाही, तो महागडा आणि चांगला असला तरी. आणि बिल दुरुस्त करूनच गाडी सोडायची. चुकीचं बिल गेलं की स्टोअरवाला जीआरएन (माल मिळाल्याची पोच) रोखून धरतो, गाडी अर्धा तास तिथंच उभी, आणि तुमच्या पुढच्या चार थांब्यांचा उशीर तिथूनच सुरू होतो.