एकुलता एक मुलगा सैन्यात जायचं म्हणतोय. आईची भीती कधी जाते का? त्याला अडवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, तरी तो अग्निवीर भरतीचा फॉर्म भरून बसलाय आणि घरात कुणाचंच ऐकत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, भीती जात नाही. माझा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे आणि अनोळखी नंबरवरून फोन आला की आजही माझ्या हाताला कापरं भरतं. 'हळूहळू सवय होते' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. त्यातल्या बहुतेकांच्या घरातलं कुणी गेलेलंच नसतं.

मी सातारा जिल्ह्यातली. माहेर अपशिंग्याजवळ. तेच मिलिटरी अपशिंगे, ज्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ज्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. बाहेरची माणसं म्हणतात, तुमच्याकडच्या बायकांच्या अंगवळणीच पडलेलं असणार. अजिबात नाही. माझी आत्या फौजीची बायको आणि फौजीची आई. पोस्टमननं अंगणात सायकल टेकवली की ती चुलीपुढून उठून दारात यायची आणि त्यानं पिशवीत हात घालायच्या आधी विचारायची, "पत्र का तार?" पत्र म्हटल्यावर मग पदराला हात पुसायची. तिची सगळी उमर त्यात गेली, तिला सवय झाली नाही. तुम्हाला-मला कुठून होणार?

माझ्या मुलाचं कधी ठरलं ते मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या गावी, पोगरवाडीला अंत्यविधी झाला तेव्हा आम्ही गेलो होतो. पोरगा नऊ वर्षांचा, बापाच्या खांद्यावर. परत येताना गाडीवर चकार शब्द बोलला नाही. पुढे २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लेफ्टनंट झाल्या, त्या बातमीचं कात्रण त्यानं टेबलासमोर भिंतीला चिकटवलं. ते दहावीपर्यंत तिथंच होतं.

बारावीला असताना पहाटे कॅनॉलच्या रस्त्याला पळायला जायचा. तेव्हा भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर ६० मार्क मिळायचे, पावणेसहापर्यंत ४८, त्यापुढे गेलं की ग्राउंडमधून बाहेर. वेळ धरायला मला न्यायचा, कारण ह्यांची कारखान्यात रात्रपाळी. मी मोबाइल हातात घेऊन किलोमीटरच्या दगडापाशी उभी. अंधारात आधी बुटांचा आवाज यायचा, मग धाप, मग तो दिसायचा. सुरुवातीला पावणेसहाच्या पुढंच असायचा आणि मला बरं वाटायचं. मनात म्हणायचे, असाच मागं राहा बाबा. पण तोंडानं वेळ खरी सांगितली, एक सेकंद इकडचा तिकडं केला नाही. थंडी सरत गेली तसा आकडा खाली यायला लागला. एके दिवशी पाच अठ्ठावीस. मी मोठ्यानं वाचून दाखवला. तो गुडघ्यांवर हात टेकून, धाप लागलेली असतानाच हसायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला.

लेखी झाली, ग्राउंड झालं, मेडिकलला फिट. यादीत नाव आलं तेव्हा त्याला अठरा पूर्ण नव्हते. अठराच्या आतल्या मुलाच्या भरतीच्या कागदावर आईबापाची सही लागते. ह्यांनी पेन घेतलं, कागद दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवून अंगणात जाऊन बसले. पोरगा काही बोलला नाही, समोर उभा राहिला.

त्याच रात्री पुण्याहून मोठ्या भाऊजींचा फोन. "अगं, इंजिनिअरिंगला नंबर लागलाय पोराचा. ज्यांना दुसरं काही जमत नाही त्यांची पोरं फौजेत जातात. आणि आता पेन्शनसुद्धा नाही, चार वर्षांनी घरी. सही करू नका."

पेन्शनचं मला कळलं. 'ज्यांना दुसरं काही जमत नाही' हे मात्र मी आजतागायत विसरलेले नाही. माझ्या माहेरची निम्मी घरं त्या एका वाक्यात त्यांनी काढली. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, भरतीची पोरं कागद घेऊन माझ्याकडं येतात. रात्री ऊसतोड करून पहाटे पळणारी पोरं मी बघितली आहेत. त्यांना काय जमतं आणि काय जमत नाही हे कोथरूडच्या फ्लॅटमधून ठरवू नये. आणि हेच भाऊजी १५ ऑगस्टला तिरंग्याचा डीपी लावतात. कुठं हल्ला झाला की फॅमिली ग्रुपवर 'आता घुसून मारा' लिहितात. घुसायला कुणाचा तरी मुलगा लागतो. तो आपल्या घरातला नको आणि घुसणं मात्र हवं, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. मी म्हटलं, "भाऊजी, कागद माझ्यासमोर आहे, फोन ठेवते." सही मी केली.

भीतीचं खरं तोंड मी मे २०२५ मध्ये पाहिलं. ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर झालं. मुलाची पोस्टिंग उत्तरेला, कुठं ते इथं लिहीत नाही. त्याचा फोन बंद. रात्रभर टीव्हीवर अमुक शहर घेतलं, तमुक बंदर उडवलं असा आरडाओरडा. त्यातलं बरंच सकाळपर्यंत खोटं निघालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर टीव्हीची पिन काढून ठेवा, एवढं तरी माझं ऐका. युनिटमधून काही कळवायचं असेल तर ते घरी कळवतात, चॅनेलवर नाही. त्या गडबडीत भाऊजींचा फोन आला आणि पहिलं वाक्य, "तरी मी सांगत होतो." मी फोन कट केला आणि पुढं बरेच दिवस त्यांचा उचलला नाही. १० मेला शस्त्रसंधी झाली, नंतर मुलाचा फोन आला. विचारतो कसा, "दुकान उघडतेस ना रोज?" मी म्हटलं, उघडते. बंदच होतं.

आता अडवावं का. माझं मत विचाराल तर समोर बसवून एकदा सगळं बोला, भीती वाटते हेही सांगा, लपवू नका. पण जेवण सोडणं, गळ्याची शपथ घालणं, 'तुझ्या बापाला ॲटॅक येईल' म्हणणं, हे करू नका. तशानं मुलं थांबतातही, पण मग पुढं नोकरीत, लग्नात, कशातही वाकडं झालं की त्याचं बोट तुमच्याकडंच वळणार. आणि नातेवाइकांच्या सांगण्यावरून तर मुळीच थांबवू नका. मागच्या दिवाळीला मुलगा सुट्टीवर आला तेव्हा भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि 'आमच्या घराण्याची शान' लिहून ग्रुपवर टाकला. चाळीस जणांनी हात जोडले. माझ्याशी त्या बोलण्याचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही.

हां, एक मात्र आहे. पेन्शनचं भाऊजी खोटं बोलले नव्हते. अग्निवीराला चार वर्षं असतात, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं कायम करतात. पहिल्या वर्षी पगार ३०,००० आणि त्यातले ९,००० सेवानिधीला कापून जातात, सरकारही त्यात तेवढेच घालतं, शेवटी व्याजासकट ११.७१ लाखांच्या आसपास हातात येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. हे मुलाला पाठ असलं पाहिजे. विचारून बघा. तोंडावर सांगता आलं तर त्यानं विचार केलाय. आणि इंजिनिअरिंग पुरं करूनही अधिकारी म्हणून जायच्या वाटा आहेत, इंजिनिअरांसाठी शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल आहे, पदवीनंतरची सीडीएस परीक्षा आहे, ते त्याला माहीत आहे का बघा. माझ्या मुलानं ते सगळं ऐकून घेतलं आणि 'मला जवानच व्हायचंय' म्हणाला. तुमचा कदाचित वेगळं म्हणेल. मित्र चाललाय म्हणून किंवा रील बघून चालला असेल तर एक वर्ष थांब म्हणायला हरकत नाही, वय असतं हातात.

जाणारच असेल तर कान आत्ताच डॉक्टरकडून साफ करून घ्या, तळपाय सपाट नाहीत ना तेही दाखवा. आणि सरपंचांचा अविवाहित असल्याचा दाखला फोटोसकट आणि सहा महिन्यांच्या आतला लागतो. दर भरतीला माझ्या दुकानात कुणी ना कुणी जुना दाखला घेऊन येतं आणि आदल्या रात्री सरपंचाला शोधत फिरतं.