ग्राहकाने पोस्टखाली तक्रार टाकली की कंपनीने नेमकं काय करायचं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या कंपन्या प्रत्येक तक्रारीखाली 'आम्हाला डीएम करा' (म्हणजे खासगी मेसेज पाठवा) एवढंच का लिहितात, पडद्यामागे काय चालतं, आणि तुमच्या पेजवर रोज वीस-पंचवीस तक्रारी येत असताना दोन माणसांनी हे कसं सांभाळावं.

आधी 'डीएम करा'बद्दल. त्यामागे दोन कारणं असतात, एक रास्त आणि एक लबाड. ऑर्डर नंबर, फोन, पत्ता या गोष्टी चारचौघांत मागता येत नाहीत, हे रास्त कारण. भांडण आत नेलं की बाहेरच्यांना दिसत नाही, हे लबाड कारण. लबाडी अंगलट येते, कारण कमेंट वाचणाऱ्यांत तक्रारदार एकटाच असतो. बाकीचे बहुतेक जण आपण ही वस्तू घ्यावी का, या विचारात असतात. त्यांना फक्त तक्रार दिसते आणि तिच्याखाली तीच ती पोपटपंची. आत प्रश्न सुटला तरी बाहेर तो लोंबकळतच राहतो.

म्हणून उघड उत्तरात तीन गोष्टी हव्यात: तक्रार काय आहे हे समजल्याची खूण, आता कोण काय करणार, आणि कधीपर्यंत. 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया डीएम करा' यात तिन्ही नाहीत. त्याऐवजी असं लिहा: 'पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही, हे लक्षात आलं. ऑर्डर नंबर डीएममध्ये पाठवा, बिलिंगकडून तपासून आज संध्याकाळी 6 पर्यंत कळवतो. – स. क.' प्रश्न सुटल्यावर त्याच कमेंटखाली परत एक ओळ टाका: 'रक्कम आज परत पाठवली आहे, खात्यात जमा व्हायला 3 ते 5 दिवस लागतील.' ही शेवटची ओळ बहुतेक कंपन्या विसरतात. मात्र ऑर्डर नंबर किंवा रकमेचा आकडा त्या ओळीत येऊ देऊ नका.

शेवटी आद्याक्षरं टाकण्याची पद्धत उगाच नाही. एकाच हँडलवरून, म्हणजे कंपनीच्या एकाच खात्यावरून, तीन जण लिहीत असतील तर कोणी काय कबूल केलं हे त्यावरून कळतं आणि वाचणाऱ्याला समोर माणूस असल्याचं जाणवतं. 2013 मध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या हँडलवरून आंदोलकांच्या टीकेलाही 'तुमच्या खात्याबाबत काही मदत हवी आहे का' छापाची उत्तरं गेली. लोकांना वाटलं हा बॉटच, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रामच आहे. बँकेने खुलासा केला की उत्तरं माणसंच देत होती. आधीच लिहून ठेवलेलं टेम्प्लेट हातात दिलं आणि ते मोडायची मुभा दिली नाही, की माणसाचाही बॉट होतो. टेम्प्लेट वापराच, पण ते उत्तराच्या मधल्या भागापुरतं ठेवा: रिफंडची मुदत, परत पाठवायच्या पायऱ्या, लिंक. पहिलं वाक्य दरवेळी हाताने लिहा आणि त्यात ग्राहकाने वापरलेला एखादा शब्द येऊ द्या.

आता पडद्यामागचं. चांगल्या व्यवस्थेत लिहिणाऱ्याच्या हातात सोडवण्याचे अधिकार असतात. कॉमकास्ट या अमेरिकन केबल-इंटरनेट कंपनीने 2008 मध्ये ट्विटरवर मदत सुरू केली तेव्हा ती चालवणारे फ्रँक एलियासन ग्राहकसेवेतले होते. अजूनही कितीतरी ठिकाणी हँडल मार्केटिंगकडे असतं, आणि त्या माणसाला ना ऑर्डर दिसते, ना रिफंड देता येतो. तो गोड लिहितो, मेल पुढे ढकलतो आणि दोन दिवसांनी ग्राहक दुप्पट चिडून परत येतो. माझ्या मते इथली बहुतेक दुखणी भाषेची नसून अधिकाराची असतात. तुम्ही दोघंच असाल तर आजच एक ठरवून टाका: अमुक रकमेपर्यंतचा रिफंड किंवा बदली वस्तू विचारल्याशिवाय देता येईल. रक्कम लहान असली तरी चालेल, मर्यादा लिहून ठेवा.

तक्रारी सगळ्या टॅग होऊन येत नाहीत. रोज सकाळी आणि दुपारी शोधायची एक यादी हवी: कंपनीचं नाव, त्याची नेहमीची चुकीची स्पेलिंगं, दुसऱ्या लिपीतलं नाव, उत्पादनांची नावं, आणि नावाला जोडून 'फसवणूक', 'रिफंड', 'चालत नाही' असे शब्द. दोन जागा हमखास सुटतात. एक, जाहिरातींखालच्या कमेंट. जाहिरात म्हणून चालवलेली पोस्ट पेजवर दिसेलच असं नाही, त्यामुळे पेज उघडून बघणाऱ्याला तिथला संताप दिसतच नाही, आणि तुम्ही मात्र पैसे मोजून त्या जाहिरातीसोबत त्या कमेंटही लोकांपुढे नेत असता. दोन, इन्स्टाग्रामची 'रिक्वेस्ट' पेटी. तुमच्याशी आधी संबंध नसलेल्यांचे मेसेज तिथे पडून राहू शकतात.

आलेल्या तक्रारींच्या चार थप्प्या करा. पहिली: इजा, आग, विषबाधा, कायदेशीर नोटीस, पत्रकाराचा प्रश्न. याला सोशल मीडियावर लांबलचक उत्तर द्यायचं नाही, ठरलेल्या व्यक्तीला त्याच मिनिटाला फोन लावायचा. दुसरी: पैसे अडकले, खातं हॅक झालं. तिसरी: साधे प्रश्न. चौथी: शिवीगाळ आणि स्पॅम. काही कंपन्या तक्रारदाराचे फॉलोअर मोजून क्रम लावतात. मला ते घातक वाटतं. मोठ्याने ओरडलं की लवकर काम होतं हे लोक लगेच शिकतात, आणि फोनवर शांतपणे थांबलेलाही मग पोस्ट टाकायला धावतो. क्रम लावायचाच तर नुकसान किती आणि वेळ किती उरला, यावर लावा.

प्रत्येक संभाषणाला तिकीट नंबर द्या, साध्या स्प्रेडशीटमध्ये दिला तरी चालेल. चिडलेला ग्राहक मेल करतो, फोन करतो आणि पोस्टही टाकतो. तीन माणसांनी तीन वेगळी उत्तरं दिली की त्यांचे स्क्रीनशॉट एकाशेजारी एक लावून पुढची पोस्ट येते. म्हणून उत्तर देण्याआधी ऑर्डर नंबरवरून जुनी नोंद शोधा. माहिती एकदाच आणि एकाच मेसेजमध्ये मागा: ऑर्डर नंबर, काय झालं, गरज असेल तर फोटो. ओळख पटवणंही विसरू नका. डीएम करणाऱ्याचं नाव ग्राहकाच्या नावाशी जुळलं म्हणजे तो तोच, असं होत नाही. पत्ता बदलणं, रिफंड दुसऱ्या खात्यात वळवणं अशी मागणी आली तर नोंदणीकृत फोनवर किंवा मेलवर आपणहून संपर्क करून खात्री करा.

वेळेचा एक तांत्रिक सापळा आहे. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या एपीआयवर (आपलं सॉफ्टवेअर व्हॉट्सअॅपला जोडण्याच्या सोयीवर) ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच मोकळेपणाने लिहिता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेट पाठवता येतं. मेसेंजर आणि इन्स्टाग्रामवरही 24 तासांचाच नियम आहे. माणसाने स्वतः दिलेल्या उत्तरासाठी तिथे 7 दिवसांपर्यंतची सवलत आहे, पण ती बॉटच्या किंवा जाहिरातीच्या मेसेजला लागू नाही. त्यामुळे सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आलेला मेसेज सुट्टी संपल्यावर उघडलात तर ही मुदत संपलेली असू शकते. उपाय दोन: 'तुमच्या तक्रारीबद्दल नवी माहिती आहे, बोलायचं का?' असं टेम्प्लेट आधीच मंजूर करून ठेवा, आणि पहिल्याच संभाषणात मेल किंवा फोनवर कळवलेलं चालेल का, हे विचारून घ्या.

कामाच्या वेळा बायोमध्ये लिहा आणि स्वयंचलित उत्तरात पुन्हा सांगा. पण वेळा लिहिल्या म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. 2013 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका प्रवाशाच्या मुलाने वडिलांच्या हरवलेल्या सामानाबद्दलचं ट्वीट पैसे भरून जाहिरातीसारखं पसरवलं. उत्तर आलं की आमचं ट्विटर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 चालू असतं. विमानं रात्रीही उडतात, त्यामुळे त्या उत्तराचीच जास्त टिंगल झाली. तुमचा व्यवहार 24 तास चालत असेल तर निदान पहिल्या थप्पीसाठी रात्री एका फोनवर सूचना आली पाहिजे.

डिलीट करण्याचा मोह आवरा. 2010 मध्ये पाम तेलावरून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने नेस्लेविरुद्ध मोहीम चालवली. कंपनीचा लोगो विडंबन करून प्रोफाइलला लावणाऱ्यांच्या कमेंट काढू, असं नेस्लेच्या फेसबुक पेजवरून खोचक भाषेत सांगितलं गेलं, आणि वाद तेलावरून कंपनीच्या उर्मटपणाकडे वळला. काय काढणार ते पेजवर आधीच लिहून ठेवा: शिवीगाळ, द्वेष, स्पॅम, कोणाचीही खासगी माहिती. टीका, कितीही कडवट असली तरी, राहू द्या. फेसबुकवर 'हाइड' केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, म्हणजे स्पॅमसाठी ती सोय बरी आहे, पण खासगी माहितीसाठी अपुरी. ग्राहकाने स्वतःच फोन नंबर टाकला असेल तर लगेच हाइड करा आणि त्याला ती कमेंट काढायला सांगा.

ही घाई कशासाठी, तर भामटे तुमच्या पेजवर तुमच्याइतकीच बारीक नजर ठेवून असतात. तक्रार दिसली की तुमच्या नावाचं आणि लोगोचं खोटं 'सपोर्ट' खातं काही मिनिटांत उत्तर देतं, नंबर मागतं, मग ओटीपी किंवा फोनचा ताबा देणारं अॅप. खातं खरं असल्याच्या निळ्या खुणेवर भिस्त ठेवू नका. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ट्विटरने ती पैसे घेऊन द्यायला सुरुवात केल्यावर एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाच्या खोट्या खात्याने इन्सुलिन फुकट देत असल्याचं जाहीर केलं होतं. खोटं खातं दिसलं की तीन कामं: प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट, त्या कमेंटखाली 'हे आमचं खातं नाही, आमचं एकमेव हँडल अमुक', आणि ज्या ग्राहकाला गाठलं असेल त्याला थेट मेसेज.

बॉट लावावा का? ऑर्डर कुठपर्यंत आली, वेळा, माहिती गोळा करणं, इथपर्यंत जरूर. नियम सांगण्याचं काम मोकळं सोडू नका. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने भाड्यातल्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, तेव्हा 2024 मध्ये तिथल्या लवादाने कंपनीलाच जबाबदार धरलं. बॉटला दोनदा उत्तर जमलं नाही की तिसऱ्यांदा माणूस आलाच पाहिजे, आणि त्याला आधीचं सगळं संभाषण दिसलं पाहिजे.

सेवा बंद पडली किंवा मोठी गडबड झाली तर पहिलं काम माफीनामा लिहिणं नव्हे. आधी ठरवून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट आणि जाहिराती थांबवा. लोक अडकलेले असताना 'वीकेंड धमाका' येऊन पडला तर पुढचे दोन दिवस त्याचीच उत्तरं द्यावी लागतात. मग एक पोस्ट पिन करा: काय बंद आहे, कोणाला फटका बसला, तोपर्यंत पर्याय काय, पुढची माहिती किती वाजता. ती वेळ झाली की सांगण्यासारखं काही नसलं तरी लिहा. प्रत्येक कमेंटला स्वतंत्र स्पष्टीकरण न देता त्या पोस्टची लिंक द्या आणि ज्यांचं प्रकरण खरंच वेगळं आहे तेवढ्यांनाच हाताने उत्तर द्या. 2010 च्या एप्रिलमध्ये ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं बंद पडली, तेव्हा केएलएम या डच विमान कंपनीने इतर विभागांतली माणसंही ट्विटर-फेसबुकवर उत्तरं द्यायला बसवली होती. तुमच्याकडे अशी माणसं कोण, त्यांना लॉगिन कसं मिळणार, हे शांततेच्या दिवसांत ठरवून ठेवा.

लॉगिनचं म्हणाल तर एकच पासवर्ड सगळ्यांना देऊ नका. प्रत्येकाला स्वतःच्या खात्यातून पेजवर काम देता येतं, ते द्या, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू ठेवा आणि माणूस सोडून गेला त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढा. कंपनीचं आणि स्वतःचं हँडल एकाच अॅपमध्ये ठेवू नका. 2011 मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या हँडलवरून कर्मचाऱ्याचं दारूबद्दलचं खासगी ट्वीट असंच निसटलं होतं.

मोजमापाबद्दल थोडक्यात. 'पहिलं उत्तर किती वेळात' हा आकडा स्वयंचलित उत्तराने फुगवता येतो, म्हणून ते उत्तर मोजणीतून वगळा. सरासरीऐवजी मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, कारण एकच आठवडाभर रखडलेली तक्रार सरासरी बिघडवते. सर्वांत बोलका आकडा म्हणजे बंद केलेल्या तक्रारींपैकी किती पुन्हा उघडल्या.

तुमच्या दोघांचा हिशेब: एका तक्रारीला शोधण्यापासून बंद करेपर्यंत 12 मिनिटं धरली तर 25 तक्रारींचे 5 तास होतात. म्हणजे एक माणूस जवळपास पूर्णवेळ, दुसरा सुट्टीला आणि गर्दीला. पाच प्लॅटफॉर्मवर अर्धवट असण्यापेक्षा जिथे सर्वाधिक तक्रारी येतात तिथे पूर्ण वेळ द्या आणि बाकीच्या बायोमध्ये त्या हँडलचा पत्ता लिहा. स्प्रेडशीटचे रकाने: तारीख-वेळ, लिंक, हँडल, ऑर्डर नंबर, कारण, कोणाकडे, कबूल केलेली वेळ, बंद झाल्याची वेळ, उघड कमेंटखाली परत लिहिलं का. 'कारण' हा रकाना मोकळा ठेवू नका, आठ-दहा ठरलेल्या पर्यायांतूनच निवडायला लावा. नाहीतर महिन्याअखेरीस 'डिलिव्हरी उशीर', 'उशिरा आलं' आणि 'वेळेत नाही' अशी एकाच दुखण्याची तीन नावं मोजत बसावं लागेल.