गूळ शेवटी

बाळा,

शिवरात्रीच्या सकाळी मी तुला लिहिलं होतं, "आज एखादं रताळं तरी भाजून खा." रात्री तुझं उत्तर आलं. "आई, रताळं मुळात इकडचंच, अमेरिकेचं. मग ते खाल्लं की उपवास आणि ब्रेड खाल्ला की मोडला, हे कुणी ठरवलं? तू तरी मानतेस का? आणि हो, केली होती मी गूळ-तिखट लावून. वरून काळी, आतून लगदा. टाकली सगळी."

खरं सांगू? उपवासाचं मला नंतर लागलं, आधी ते 'टाकली' लागलं. म्हणून आधी रताळ्यांचं बघू, मग देवाचं.

तुझ्या फोटोत चार गोष्टी दिसल्या. रताळी नारिंगी गराची. ट्रेमध्ये फोडी एकावर एक. कडेला फॉइल, म्हणजे झाकून भाजली असणार. आणि गूळ पहिल्यापासून लावलेला. यातली एखादी चूक निभावली असती गे, चारही एकदम झाल्यावर ओव्हन तरी काय करणार? नारिंगी रताळ्यात पाणी जास्त, ती भाजली की मऊ ओली होतात. गर्दी केली आणि वर झाकलं की निघालेली वाफ आतच कोंडते, म्हणजे ती भाजत नाहीत, उकडतात. गूळ आणि मीठ आधी लावलं की फोडी पाणी सोडतात, ते वेगळंच. वर साखर १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तांबूस व्हायला लागते, आणि तुझा ओव्हन होता ४२५ फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ २२० सेल्सिअस. आतला गर शिजायच्या आधीच वरचा गूळ कोळसा. तिखटही तसंच, कोरड्या आचेत करपलं की कडू होतं.

आपल्या बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी आठवतात का तुला? वरून तांबूस-गुलाबी साल, आत पांढरट गर, भाजल्यावर पिठूळ. तिथे तांबडी माती, पाऊस भरपूर. पावसाळ्याच्या तोंडाला सरीवरंबे पाडून वेलाचे वीतभर तुकडे लावायचे, चारेक महिन्यांनी खणायचं. उचगाव, बेळगुंदीकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला रताळ्यांचे ढीग दिसायचे. बाजारात रताळी म्हण नाहीतर कानडीत गेणसू म्हण, टोपली तीच आणि भावही तोच. तुझ्याकडे त्याला सर्वात जवळचं म्हणजे जांभळ्या सालीचं, फिकट पिवळ्या गराचं रताळं. 'जपानी' नाहीतर 'कोरियन' अशा नावाने आशियाई दुकानात मिळतं. 'याम' अशी पाटी असलेली नारिंगी घेऊ नकोस. ते याम नव्हेच, तेही रताळंच, पण आपल्या कामाचं नाही.

घेताना २०० ते २५० ग्रॅमची, सारख्या जाडीची घे. फार जाड घेतलं की शेपटीकडे करपतं आणि पोटात कच्चं राहतं. सालीवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर ते सोंड्या भुंग्याचं काम. असलं रताळं कडू लागतं, नुसती कीड कापून भागत नाही, अख्खं टाकायचं. (तेवढं मात्र टाकलेलं चालेल.) आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नकोस. दहा-बारा अंशांच्या खाली रताळ्याला थंडी बाधते, मग कितीही शिजवलं तरी मधे टणक गाठ राहते. कपाटात, कागदी पिशवीत ठेव. आज्जी खणून आणलेली रताळी लगेच भाजू द्यायची नाही, पडवीत गोणपाटावर आठ-दहा दिवस पसरून ठेवायची. आम्हाला वाटायचं, पुरवून खायचा बहाणा. पण नवं रताळं खरंच बेताचंच गोड असतं. ठेवल्यावर त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होते.

उरलेली साखर होते भाजताना, आणि सगळी गंमत इथेच आहे. रताळ्यातच एक विकर असतं, पिठाची साखर करणारं. पीठ फुगायला लागतं साधारण ६० अंशांच्या पुढे, आणि ७५-८० अंशांच्या वर गेलं की विकर निकामी होतं. या दोन टोकांच्या मधे रताळं जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये सहा-सात मिनिटांत शिजतं, पण तो टप्पा झपकन ओलांडला जातो, म्हणून तिथलं रताळं फिकं लागतं. आमच्या न्हाणीत सकाळी सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवून झालं की चुलीत लाल आर, म्हणजे निखारे, राहायचा आणि वर फुफाटा, म्हणजे गरम राख. रताळी आरात नाही टाकायची, आर बाजूला सारून फुफाट्यात पुरायची, वर चार बोटं राख. पाऊण तासाने एकदा उलटायची, नंतर आपली तशीच राहू द्यायची. सालीला चिरा पडून पाक बाहेर यायचा आणि काळा होऊन चिकटायचा, तीच खूण. आज्जीला विकर माहीत नव्हतं, पण "घाई केलीस तर रताळं बटाट्यासारखं लागतं" एवढं ती नेहमी म्हणायची.

तुझ्याकडे फुफाटा नाही, म्हणून असं कर. दोन रताळी, मिळून अर्धा किलो. माती घासून धू, साल काढू नकोस. कोरडी पुसून काट्याने पाच-सहा ठिकाणी टोच, नाहीतर आत वाफ कोंडून एखादं फुटतं. ओव्हन आधी तापवायचा नाही. थंड ओव्हनमध्येच ठेव आणि मग ४०० फॅरनहाइट लाव, म्हणजे गर हळूहळू तापतो. फॉइल नको. खाली मात्र बेकिंगचा कागद घाल, पाक गळून ट्रेला असा धरतो की दुसऱ्या दिवशी घासत बसशील. सव्वा तास धर. सुरी मधोमध खुपसून बघ, विरोध न होता जायला हवी. जराही अडली तर आणखी दहा मिनिटं. मग बंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं तशीच राहू दे.

आता गूळ-तिखट. बिडाचा जाड तवा मध्यम आचेवर ठेव, मोठा चमचाभर तूप, अर्धा छोटा चमचा जिरं. रताळी हाताने मोड, दीड-दोन इंचाचे ओबडधोबड तुकडे, सालीसकट. सुरीने कापू नकोस. मोडल्यावर जो खडबडीतपणा येतो त्यालाच पाक धरतो. तुकडे तव्यावर एका थरात पसर आणि तीन मिनिटं हात लावू नकोस. खरंच नको. तुला सारखं ढवळायची सवय आहे, त्यानेच मोडून पीठ होतं. खालून तांबूस कड आली की उलट, आणखी दोन मिनिटं. तोवर वाटीत दोन मोठे चमचे किसलेला गूळ, एक चमचा पाणी, पाऊण छोटा चमचा लाल तिखट, अर्धा छोटा चमचा मीठ कालवून ठेव. आच मंद करून हे ओत. बुडबुडे येऊन पाक तुकड्यांना माखला की मिनिटाच्या आत उतरव. गूळ शेवटी तो एवढ्यासाठीच, त्याला नुसता चिकटायला वेळ द्यायचा, करपायला नाही. वरून अर्ध्या लिंबाचा रस, तोही खाली उतरवल्यावर, आणि दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट. पाक फार घट्ट वाटला तर चमचाभर पाणी, पण लिंबू वाढवून पातळ करू नकोस, आंबट ढाण होतं.

तिखटात तूप लागतंच. तिखटपणा तुपात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तुपाशिवाय केलंस तर एका घासाला आग आणि दुसऱ्याला काहीच नाही. आपल्याकडे रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी, दोन भाग आणि एक भाग. तुझ्याकडे काश्मिरी तिखट असेल तर त्यात चिमूटभर झणझणीत मिरची घाल, जमेल.

घाई असेल त्या दिवशी बोटाएवढ्या जाड फोडी करून अर्धा तास गार पाण्यात ठेव, अगदी कोरड्या पूस, तूप लावून ४२५ वर मोकळ्या पसरून वीस मिनिटं, उलटून दहा, मग पाक लावून शेवटची चार. गोडी कमी येते. मला हे फारसं आवडत नाही, पण परीक्षेच्या दिवसात हरकत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न.

तू म्हणतेस ते बरोबर आहे, रताळं अमेरिकेचंच. पण मग नीट मोज. बटाटा, शेंगदाणा, मिरची तिकडचीच. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो तिकडचा, राजगिराही. उपवासाच्या ताटातून हे सगळं काढलंस तर वरी, शिंगाडा आणि दही उरेल. गोवा पोर्तुगीजांच्या हातात गेला १५१० मध्ये, त्यांच्या जहाजांतून ही पिकं आली असं मानतात, आणि गोवा आपल्यापासून एक घाट उतरला की आला. नावांचा घोळ तर आणखीच. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्यांचा 'बटाटा' मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द. म्हणजे आपण बटाट्याला रताळ्याचं नाव दिलं आणि रताळ्याला तांबड्या कंदाचं. तुला हे आवडेल म्हणून सांगते, माझी बाजू मांडायला नाही. यातून माझी बाजू जरा पडतेच.

कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. घरात एक अंदाज होता, शेतातलं रोजचं धान्य नको, कंद चालतो. पण तोही घरागणिक बदलायचा. आपल्याकडे लाल तिखट चालायचं, कंग्राळीच्या आत्त्याकडे फक्त हिरवी मिरची. मोहरी, हळद दोन्हीकडे नाही. हिंगही नाही, आणि त्याचं कारण मला इथे डबी वाचल्यावर कळलं, त्यात गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. आज्जीला ते माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. तिने नुसतं "चालत नाही" म्हटलं आणि आम्ही मानलं. शेजारच्या कन्नड घरातही त्या दिवशी रताळीच असायची. मग यात मराठी काय, असंही तू विचारशील. फार काही नसेल. कपिलेश्वराला जाऊन आल्यावर सगळ्या गल्लीला एकच वास यायचा एवढं खरं.

मी मानते का? शिवरात्रीला मी दिवसभर कॉफी पिते. ती चालते का, हे मी आज्जीला कधी विचारलं नाही, कारण नाही म्हणाली असती तर पंचाईत. ब्रेड मात्र त्या दिवशी माझ्या हातून खाल्ला जात नाही. पाप लागेल म्हणून नाही. हात पुढे जात नाही, एवढंच. याला मानणं म्हणतात की सवय, तू ठरव. तुझ्यावर लादायचं नाही असं बाबांना कबूल केलंय आणि मी पाळतेय, निदान बहुतेक वेळा. इतर दिवशी जिऱ्याऐवजी लसणाची फोडणी दे, वर कांदा-लसूण चटणी भुरभुर, जास्तच छान लागतं. बेळगुंदीची मावशी तसंच करायची आणि आज्जीच्या पुढ्यात करायची नाही.

उरलेली रताळी पाक न लावता ठेव, भाजल्यावर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस बिघडत नाहीत, आणि थेट तव्यावर परतता येतात. पाक लावून ठेवलेली दुसऱ्या दिवशी ओली गचगचीत होतात.

शनिवारी केलीस तर फोटो पाठव. मोडलेल्या रताळ्याचा पाठव, तव्यावर जाण्याआधीचा. सालीवरून मला काही कळत नाही.

आई