गरब्याच्या रात्री वापर चौपट, पण क्लाउड मॉनिटरिंगचं बिल त्या हिशेबात का बसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात गरब्याच्या पासचं बुकिंग आणि गेटवरचं स्कॅनिंग करणारं अ‍ॅप तुम्ही चालवता. नवरात्रात गर्दी चौपट होते, पण मॉनिटरिंगचं (म्हणजे सर्व्हर आणि अ‍ॅपवर नजर ठेवणाऱ्या सेवेचं) बिल त्या पटीत येत नाही. मग ‘वापराल तेवढेच पैसे’ म्हणजे नेमकं काय मोजतात?

‘वापर’ हा शब्द एक असला तरी त्यामागे मीटर अनेक असतात, आणि प्रत्येकाची मोजायची रीत निराळी. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मोठ्या कारखान्याचं वीजबिल घ्या. त्यात युनिटचे पैसे वेगळे, मॅक्सिमम डिमांडचे (एका वेळी खेचलेल्या सर्वाधिक विजेचे) वेगळे. सगळी यंत्रं एकदाच एकत्र चालवली तरी त्या महिन्याची डिमांड चढते ती चढतेच. मॉनिटरिंगमध्ये लॉग (अ‍ॅप आपल्या कामाची ओळीओळीने ठेवतं ती नोंद) हे युनिटसारखे, आणि काही सेवांत सर्व्हर हे डिमांडसारखे.

डेटाडॉग या मॉनिटरिंग सेवेत दर तासाला किती होस्ट (म्हणजे सर्व्हर) चालू होते ते मोजतात. महिन्यातले सर्वांत जास्तीचे १ टक्का तास सोडून देतात आणि उरलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा महिनाभरासाठी धरतात. ३० दिवसांचे ७२० तास, म्हणजे साधारण सात तास माफ. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, त्यामुळे सप्टेंबरात गरब्याच्या नऊ रात्री आल्या. रात्रीचे पाच तास धरले तर ४५ तास झाले. तेवढ्यासाठी २ सर्व्हरचे ८ केले असतील, तर बिल ८ होस्टचं, तेही अख्ख्या महिन्याचं. उलट १ ऑक्टोबरची एकटी (त्या वर्षीची दहावी) रात्र ऑक्टोबरच्या सात तासांच्या माफीत बसून जाते. या मोजणीत होस्टचा आकार बघत नाहीत. म्हणून गर्दीच्या दिवसांत लहान ८ सर्व्हरपेक्षा मोठे ३ लावणं मॉनिटरिंगच्या दृष्टीने स्वस्त पडतं.

लॉगचा हिशेब सरळ आहे, तो आधी कागदावर मांडा. सेकंदाला २० विनंत्या, दर विनंतीला ५ ओळी, ओळ ६०० बाइटची: सेकंदाला ६०,००० बाइट, दिवसाला सुमारे ५.२ जीबी, महिन्याला १५५ जीबी. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच या मॉनिटरिंग सेवेत लॉग आत घेण्याचा दर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात जीबीला ०.५० डॉलर आहे, म्हणजे ७८ डॉलरच्या आसपास. मुंबई विभागाचा दर याहून जास्त आहे, शिवाय १८ टक्के जीएसटी. आता गेटवरची एखादी अडचण शोधायला कुणी डीबग लेव्हल (बारीकसारीक तपशीलही लॉगमध्ये लिहिणारी पातळी) चालू केली आणि ५ ओळींच्या ५० झाल्या, की गर्दी तेवढीच असून हा खर्च दहापट होतो.

हे पैसे माल दारातून आत येतानाच लागतात. नंतर लॉग पुसून ते परत मिळत नाहीत. नको असलेल्या ओळी सर्व्हरवरच्या एजंटमध्येच (लॉग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच) गाळायला हव्यात. फ्लुएंट बिट हा एजंट वापरत असाल तर त्यात अशा ओळी गाळणारा ग्रेप फिल्टर आहे. हेल्थ चेकच्या (सर्व्हर जिवंत आहे ना, या नेमाने होणाऱ्या तपासणीच्या) ओळी काढा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आधी मोजा. ८ सर्व्हर, लोड बॅलन्सरचे (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेचे) २ नोड, दर ३० सेकंदांनी एक तपासणी: दिवसाला ४६,०८० ओळी. ओळ ३०० बाइटची धरली तर जेमतेम १४ एमबी. खरा भार डीबगचा आणि एररसोबत येणाऱ्या लांबलचक स्टॅक ट्रेसचा (चूक कोडमध्ये कुठून कुठे आली त्या यादीचा) असतो.

लॉग ग्रुपची (क्लाउडवॉचमधल्या लॉगच्या कप्प्याची) साठवणुकीची मुदत मुळात ‘कधीच संपत नाही’ अशी असते, ती १४ किंवा ३० दिवसांवर आणा. मात्र साठवणुकीचा दर जीबीला महिना ०.०३ डॉलरच आहे, त्यामुळे यातून फार मोठी बचत अपेक्षू नका. त्याहून भिंतीवरच्या टीव्हीवर सतत उघडा ठेवलेला डॅशबोर्ड महागात पडतो. त्यामागची लॉग्ज इनसाइट्सची (क्लाउडवॉचमधल्या लॉग-शोधाची) क्वेरी चाळलेल्या जीबीमागे ०.००५ डॉलर घेते. दर पाच मिनिटांनी ३० जीबी चाळणारा डॅशबोर्डवरचा एक चौकोन दिवसात २८८ वेळा चालतो: ४३ डॉलर रोज!

सर्वांत अनपेक्षित आकडा मात्र कस्टम मेट्रिकचा (तुम्ही स्वतः ठरवून पाठवलेल्या मापाचा) असतो, कारण तिथे नाव मोजत नाहीत, टॅगच्या (मापाला लावलेल्या गेट, सर्व्हर अशा चिठ्ठ्यांच्या) जोड्या मोजतात. ‘स्कॅनला लागलेला वेळ’ हे एकच मेट्रिक. १२ गेट, ४ प्रकारचे निकाल, ८ सर्व्हर, म्हणजे ३८४ मेट्रिक. क्लाउडवॉचच्या ०.३० डॉलर दराने महिन्याला ११५ डॉलर. त्यात कुणी पास क्रमांकाचा टॅग जोडला आणि पास २०,००० असतील, तर निदान २०,००० मेट्रिक तयार होतात. पहिल्या १०,००० ला ०.३०, पुढच्यांना ०.१०, एकूण ४,००० डॉलर. आकारणी तासाप्रमाणे होत असल्याने एकदाच पाठवलेलं मेट्रिक स्वस्त पडायला हवं. पण प्रोमेथियस या मॉनिटरिंग साधनाच्या पद्धतीची क्लायंट लायब्ररी (अ‍ॅपमधून मेट्रिक पुरवणारा तयार कोड) एकदा पाहिलेला टॅग प्रोसेस रीस्टार्ट होईपर्यंत धरून ठेवते आणि दर खेपेला पुन्हा पाठवते. दसऱ्यानंतरही ते पास मीटरवर चालूच राहतात. पास क्रमांक, मोबाइल नंबर, ऑर्डर क्रमांक यांची जागा लॉगमध्ये. टॅगमध्ये ते कधीही टाकू नका.

एक अलार्म मात्र आजच लावा. फक्त बजेटच्या अलार्मवर विसंबू नका, बिलाचे आकडे काही तासांनी ताजे होतात आणि तोवर गरबा आटोपलेला असतो. क्लाउडवॉच प्रत्येक लॉग ग्रुपचे ‘इनकमिंग बाइट्स’ स्वतःच देतं. त्याला विनंत्यांच्या संख्येने भागा. वरच्या उदाहरणात हा भागाकार ३,००० च्या जवळपास राहायला हवा, मैदानात पाचशे लोक असोत वा तीस हजार. तो ६,००० च्या वर गेला की अलार्म वाजू द्या, आणि वाजला की आधी डीबग कुणी चालू ठेवलंय ते बघा.